अणुभट्टीतल्या गंभीर अपघाताचं सिम्युलेशन: आधी वही, मग लॅपटॉप

ठाणे-नवी मुंबईच्या इंजिनीअरिंग कॉलेजांत अणुऊर्जेवरचा प्रोजेक्ट मागणारे एक-दोन ग्रुप दरवर्षी निघतातच. साहजिक आहे. खाडीपलीकडे ट्रॉम्बेला भाभा अणुसंशोधन केंद्र, वाशीला किरणोत्सारी समस्थानिकं पुरवणारं ब्रिट, आणि तारापूरचं वीजकेंद्र तर १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा होईपर्यंत ठाणे जिल्ह्यातच होतं. विषय मंजूर झाला की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, सॉफ्टवेअर कुठलं?"

सध्या कुठलंच नाही. वही काढा.

या विषयात जगभर चालणारे मोठे कोड आहेत. मेल्कॉर हा अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेने तिथल्या अणुनियामक आयोगासाठी लिहिलेला, मॅप हा एप्री या अमेरिकी वीज-संशोधन संस्थेचा, ॲस्टेक फ्रान्सचा. हे सगळे करारावर आणि परवान्यावर मिळतात. कॉलेजच्या ईमेलवरून अर्ज टाकला आणि आठवड्यात हातात पडला, असं होत नाही. समजा पडलाच, तरी त्याची इनपुट फाइल लिहिताना तुम्ही शेकडो आकडे कुणाच्या तरी जुन्या फाइलमधून उचलणार, रंगीत ग्राफ निघणार, आणि तोंडी परीक्षेत "हा टोक इथे का आला?" म्हटलं की सगळे एकमेकांकडे बघणार. त्यापेक्षा दीडशे ओळींचं स्वतःचं मॉडेल बरं. त्यातला प्रत्येक आकडा तुमच्या ओळखीचा असतो. ते कसं उभं करायचं, ते पायरी-पायरीने सांगतो.

आधी हद्द ठरवा

गंभीर अपघात म्हणजे कोअरमधलं (भट्टीच्या गाभ्यातलं) इंधन थंड ठेवता न आल्यामुळे ते वितळण्यापर्यंत गेलेला अपघात. थ्री माइल आयलंड (१९७९), चेर्नोबिल (१९८६), फुकुशिमा (२०११) ही नावं सगळ्यांना माहीत असतात. यातलं चेर्नोबिल बाजूला ठेवा. तिथे भट्टीची शक्तीच आवरेनाशी झाली होती, त्याचं गणित निराळं. उरलेल्या दोन्ही ठिकाणी साखळी प्रक्रिया थांबलेली होती, भट्टी बंद होती. घात केला तो बंद भट्टीतल्या उरलेल्या उष्णतेने. आपलं मॉडेल या प्रकारचं.

मॉडेल कुठे थांबवायचं तेही आत्ताच लिहून ठेवा. माझा सल्ला: पाणी आटणं, इंधन तापणं, झिर्कोनियम (इंधनाच्या नळ्यांचा धातू) जळणं, हायड्रोजन तयार होणं आणि इंधन ढासळायला सुरुवात होणं, बस. वितळलेला लगदा कोअर ठेवलेल्या पोलादी पात्राच्या तळाला भोक पाडून खालच्या काँक्रीटमध्ये उतरतो तो भाग पहिल्या प्रोजेक्टात घेऊ नका. इंधनातून सुटणाऱ्या किरणोत्सारी आयोडीन-सीझियमचा प्रवासही नको.

पायरी १: उरलेली उष्णता

भट्टी बंद केल्यावरही विखंडनातून उरलेल्या किरणोत्सारी अणूंचा क्षय चालूच राहतो. त्याची उष्णता काढायला वे आणि विग्नर यांचं जुनं सूत्र पुरतं:

शक्तीचं गुणोत्तर = ०.०६६ × [ट^(−०.२) − (ट + क)^(−०.२)]

यात 'ट' म्हणजे भट्टी बंद होऊन झालेले सेकंद आणि 'क' म्हणजे त्याआधी भट्टी किती सेकंद चालली होती ते. क एक वर्ष धरा आणि हे चार आकडे स्वतः काढून बघा: १ सेकंदाला ६.४ टक्के, तासाभराने १.०७, एका दिवसाने ०.४७, दहा दिवसांनी ०.२२. तुमच्या कोडमधून हेच आले पाहिजेत. नाही आले तर पुढे जाऊ नका. बहुतेक वेळा कुणीतरी ट तासांत भरलेला असतो.

टक्के बघून हा आकडा किरकोळ वाटतो. म्हणून आपल्या देशातलं उदाहरण घ्या. ३१ मार्च १९९३ ला उत्तर प्रदेशातल्या नरोरा केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये टर्बाइनला आग लागली आणि सुमारे १७ तास केंद्रातली वीज पूर्ण गेली. डिझेलवर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी स्टीम जनरेटरमध्ये पाणी सोडत राहून कोअर वाचवला गेला. २२० मेगावॅट वीज देणाऱ्या या भट्टीची औष्णिक शक्ती सुमारे ७५० मेगावॅट. तासाभरानंतरचे १.०७ टक्के म्हणजे ८ मेगावॅट. तीस अंशांचं एक किलो पाणी वातावरणाच्या दाबाला उकळून त्याची वाफ करायला साधारण २५५० किलोज्यूल लागतात. भागाकार करा: सेकंदाला ३.१ किलो, तासाला ११ टन. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत उन्हाळ्यात दहा हजार लिटरचा टँकर येतो ना, तसा तासाला एक टँकर. सतराव्या तासापर्यंत ही गरज निम्म्यावर येते. भट्टी बंद असताना कोअर वाचवायला काय लागतं, ते या एका भागाकारात कळतं: न चुकता येणारं थोडं पाणी.

पायरी २: पाणी किती वेळ पुरेल

आता फुकुशिमाचं पहिलं युनिट घ्या, कारण त्याचं उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे. औष्णिक शक्ती १३८० मेगावॅट. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला भूकंप झाला, भट्टी आपोआप बंद पडली. ३:३७ च्या सुमारास त्सुनामीने वीज घालवली आणि थंडावा गेला.

सूत्राने भट्टी बंद झाल्यावर एक ते दोन तासांत सरासरी साडेतेरा मेगावॅट उष्णता येते. पात्रातल्या ७० बार दाबाला पाण्याची बाष्पीभवन-उष्णता सुमारे १५०५ किलोज्यूल प्रति किलो. म्हणजे सेकंदाला ९ किलो पाण्याची वाफ, तासाला ३२ टन. या दाबाला पाण्याची घनता ७४० किलो प्रति घनमीटर, म्हणजे तासाला ४३-४४ घनमीटर. पात्राचा आतला व्यास ४.८ मीटर, क्षेत्रफळ १८ चौरस मीटर. पातळी तासाला २.४ मीटर उतरणार. इंधनाच्या माथ्यावर सुरुवातीला सुमारे पाच मीटर पाणी धरलं तर ते दोन तासांत संपतं, म्हणजे संध्याकाळी पावणेसहाच्या सुमारास इंधन उघडं पडतं. केंद्र चालवणाऱ्या टेपको कंपनीने मॅप कोड वापरून काढलेलं उत्तर: भूकंपानंतर सुमारे तीन तासांनी. म्हणजे तेच.

इथे मुलं टाळ्या देतात. थांबा. इतकं जुळणं संशयास्पद आहे, आणि का जुळलं ते शोधणं हा या पायरीचा खरा अभ्यास. पात्रात वाफ-विभाजक, नळ्या, आवरणं अशी बरीच जागा धातूने व्यापलेली असते, म्हणजे पाणी आपण धरलं त्यापेक्षा कमी. वे-विग्नरचं सूत्र पहिल्या काही तासांत उष्णता थोडी कमीच सांगतं. या दोन्ही चुका वेळ वाढवून दाखवतात. उलट, त्सुनामीआधी आयसोलेशन कंडेन्सर (पात्रातली वाफ थंड करून पाणी परत सोडणारी यंत्रणा) अधूनमधून चालल्यामुळे पाणी थंड झालेलं होतं, ते आधी पुन्हा तापावं लागलं. तो वेळ आपण मोजलाच नाही. एक चूक दुसरीला खाऊन गेली आणि उत्तर गोड आलं. अहवालात हे लिहा. परीक्षक माणूस असेल तर यावर खूश होईल.

पायरी ३: उघडं इंधन किती भराभर तापतं

मॉडेलपुरतं धरा: ७८ टन युरेनियम डायऑक्साइड, विशिष्ट उष्मा सुमारे ३०० ज्यूल प्रति किलो प्रति केल्व्हिन, आणि ३० टन झिर्कोनियम, ३५०. एकूण उष्माधारकता ३.४ कोटी ज्यूल प्रति केल्व्हिन. तेरा मेगावॅटला यानं भागलं की सेकंदाला ०.३८ केल्व्हिन. ३०० वरून १२०० अंश सेल्सिअसला जायला चाळीस मिनिटं.

वाटेत काय काय होतं याची जाण ठेवा. ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान इंधनाच्या नळ्या आतल्या वायूच्या दाबाने फुगून फुटतात. १२०० च्या आसपास नियंत्रक पट्ट्यांतलं बोरॉन कार्बाइड आणि स्टीलचं मिश्रण वितळू लागतं, म्हणजे या पट्ट्या इंधनाच्या आधी जातात. झिर्कोनियमचा द्रवणांक १८५५ अंश, युरेनियम डायऑक्साइडचा २८५० च्या आसपास. पण वितळलेलं झिर्कोनियम इंधनाला विरघळवतं, त्यामुळे २८५० ची वाट बघावी लागत नाही.

पायरी ४: झिर्कोनियम आणि वाफ

सगळ्या मॉडेलचा जीव इथे आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

झिर्कोनियमचा एक अणू वाफेचे दोन रेणू खातो, ऑक्साइड बनतो आणि हायड्रोजनचे दोन रेणू सोडतो. एक किलो झिर्कोनियमला ०.३९५ किलो वाफ लागते, ४४ ग्रॅम हायड्रोजन निघतो आणि वर ६.४ मेगाज्यूल उष्णता मिळते. ही उष्णता फुकटात इंधनावरच पडते.

वेग काढायला बेकर-जस्टचं समीकरण वापरा. ते जरा कडक बाजूला झुकतं, पण सोपं आहे. दर चौरस मीटरला खाल्लं गेलेलं झिर्कोनियम 'व' किलो धरलं तर व-वर्ग सेकंदाला 'ग' एवढा वाढतो, आणि

ग = ३३३० × ई^(−२२९००/तापमान)

तापमान केल्व्हिनमध्ये. १००० अंश सेल्सिअसला ग येतो ०.००००५१ आणि १२०० ला ०.०००५९. दोनशे अंशांत साडेअकरा पट! आपल्या कोअरमध्ये नळ्यांचं पृष्ठफळ ३५०० चौरस मीटर धरा, आणि आधीच १५ मायक्रॉन थर खाल्ला गेलाय असं समजा (व = ०.१). १००० अंशांना रासायनिक उष्णता पावणेसहा मेगावॅट येते, १२०० ला ६६ मेगावॅट. क्षयाची उष्णता मात्र तेराच्या आसपासच आहे. म्हणजे या दोनशे अंशांत कुठेतरी ताबा क्षयाकडून रसायनाकडे जातो आणि तापमानाचा ग्राफ एकदम उभा राहतो. आपत्कालीन शीतनाच्या रचनेसाठी अमेरिकी नियमांत नळीचं तापमान १२०४ अंशांच्या आत आणि ऑक्सिडीकरण १७ टक्क्यांच्या आत ठेवायची अट आहे. ती याच कड्याच्या अलीकडे घातलेली.

कोड लिहिताना दोन गोष्टी.

पहिली: वेग = ग ÷ (२ × व) असं लिहू नका. सुरुवातीला व शून्य असतो, भागाकार अनंतात जातो आणि मग कुणीतरी व ची सुरुवात ०.००००१ ने करून वेळ मारून नेतं. त्याऐवजी नवा व = वर्गमूळ(जुना व × जुना व + ग × टाइम स्टेप). भागाकारच नाही, आणि मोठ्या स्टेपलाही ते टिकतं.

दुसरी, आणि हीच सगळ्यात जास्त राहते: वाफेची मर्यादा. समीकरण सांगेल तेवढं झिर्कोनियम जळेलच असं नाही, तेवढी वाफ हवी. सेकंदाला ९ किलो वाफ असेल तर जास्तीत जास्त २२.८ किलो झिर्कोनियम जळू शकतं. अर्धा कोअर कोरडा पडला की बुडालेला अर्धाच भाग वाफ करतो: साडेचार किलो वाफ, फार तर ११.४ किलो झिर्कोनियम, ७३ मेगावॅट. हायड्रोजन कितीही झाला तरी वापरलेल्या वाफेच्या वजनाचा नववा भाग. आणि तिसरी मर्यादा म्हणजे शिल्लक धातू. तिन्हींतला सर्वांत लहान आकडा घ्यायचा.

ऐरोलीच्या एका ग्रुपने मला ग्राफ आणून दाखवला होता. चौथ्या तासाला हायड्रोजन २.१ टन, रेघ सरळ वर, खाली सुंदर लेजंड. मी विचारलं, झिर्कोनियम किती धरलंय? तीस टन. तीस हजार गुणिले ०.०४४ करा म्हटलं. १३२०. कॅल्क्युलेटरचा स्क्रीन बघून एक मुलगी हसायलाच लागली. मॉडेल धातू संपल्यावरही जाळत बसलं होतं.

पायरी ५: नोड पाडा आणि लूप लिहा

सगळा कोअर एकच गोळा धरला तर सगळा एकदम तापतो आणि एकदम वितळतो, जे कधीच होत नाही. उंचीचे वीस भाग करा; हेच नोड. मध्ये जास्त, टोकांना कमी अशी कोसाइनच्या आकाराची शक्ती वाटून द्या. मग दर सेकंदाला हाच क्रम: उरलेली उष्णता काढा, पातळी बघा, बुडालेल्या नोडची उष्णता वाफेला द्या, पातळी उतरवा, वाफ खालून वर एकेका उघड्या नोडमधून न्या, प्रत्येक नोडवर तिन्ही मर्यादांसह ऑक्सिडीकरण करा, खाल्लेली वाफ वजा करून उरलेली वरच्या नोडला द्या, शेवटी तापमानं बदला. क्रम उलटापालटा केला तर एकच वाफ दोन नोड खातात.

१५०० केल्व्हिनच्या पुढे किरणोत्सर्जनाने शेजारच्या नोडला आणि बाहेरच्या भिंतीला जाणारी उष्णता घ्यावीच लागते. २००० केल्व्हिनला काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला ९०० किलोवॅट टाकतो, ती सोडून चालणार नाही. नोड कधी ढासळला म्हणायचं? २५०० ते २८०० केल्व्हिनमधला एक आकडा तुम्ही ठरवायचा. हा निव्वळ अंदाज आहे आणि मोठ्या कोडमध्येही हा वापरणाऱ्याच्या हाती असलेला आकडा असतो, तेव्हा लाजू नका, फक्त लिहून ठेवा.

पायथन आणि त्याची नमपाय ही गणिती लायब्ररी पुरे. वाफेचे गुणधर्म देणाऱ्या फुकट लायब्ऱ्या आहेत, पण त्या लूपच्या आतून दर सेकंदाला बोलावल्या तर लॅपटॉपचा पंखा ओरडायला लागतो. सुरुवातीलाच एक तक्ता करून ठेवा आणि त्यात इंटरपोलेशन करा. चोवीस तासांचं सिम्युलेशन मग चहा येईपर्यंत होतं.

पायरी ६: तपासणी

तीन हिशेब कोडमध्येच बसवा: आत आलेली उष्णता वजा बाहेर गेलेली बरोबर साठलेली, पाणी अधिक वाफ अधिक खाल्लेली वाफ बरोबर सुरुवातीचं पाणी, धातू अधिक ऑक्साइडमधलं झिर्कोनियम बरोबर ३० टन. कुठलाही हिशेब एक टक्क्याहून जास्त चुकला की प्रोग्रॅम थांबला पाहिजे, नुसती सूचना छापून पुढे गेला नाही पाहिजे. मग टाइम स्टेप निम्मी करा, नोड दुप्पट करा. हायड्रोजनचा आकडा लक्षणीय हलला तर मॉडेल अजून कच्चं आहे.

यानंतर थ्री माइल आयलंड. २७७२ मेगावॅट औष्णिक. २८ मार्च १९७९ ला पहाटे चार वाजता सुरू झालेल्या या अपघातात सुमारे ४५० किलो हायड्रोजन तयार झाला असा अंदाज आहे, आणि साधारण दहा तासांनी तो कंटेनमेंटमध्ये (भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत) जळून दाब एकदम २ बारच्या जवळपास उसळला. तुमचं उत्तर ३०० ते ७०० किलोंत आलं तर ठीक समजा. पण एक गोष्ट खास बघा: १७४ व्या मिनिटाला चालकांनी एक पंप थोडा वेळ चालू केला. तापलेल्या कोअरवर पाणी आलं, वाफेचा तुटवडा क्षणात संपला आणि ऑक्सिडीकरण भडकलं. तुमच्या मॉडेलमध्ये त्या वेळी पाणी सोडून बघा. हायड्रोजनच्या दराला तिथे टोक आलं पाहिजे. नसेल येत तर वाफेची मर्यादा नीट बसलेली नाही. पाणी घालायचंच असतं, यात वाद नाही. पण उशिरा आणि थोडं घातलं तर आधी काय होतं, ते माहीत असावं लागतं.

याहून बारीक पडताळणी हवी असेल तर जर्मनीत कार्ल्सरूहेला विजेवर तापवलेल्या सळ्यांवर केलेले क्वेंच प्रयोग आणि फ्रान्समध्ये कादाराशला खऱ्या इंधनावर केलेले फेबुस प्रयोग पाहा. त्यांतले क्वेंच-०६ आणि एफपीटी-१ आंतरराष्ट्रीय तुलनेसाठी वापरले गेले, त्यामुळे त्यांवर वेगवेगळ्या कोडची उत्तरं शेजारी-शेजारी बघायला मिळतात. ती एकमेकांशी किती जुळत नाहीत हे पाहून तुमचा धीर वाढेल.

पायरी ७: एक रन म्हणजे उत्तर नव्हे

क्षयाची उष्णता, ऑक्सिडीकरणाचं समीकरण, ढासळण्याचं तापमान, सुरुवातीची पातळी यांच्या मर्यादा ठरवा आणि त्यांतून यादृच्छिक आकडे उचलून ५९ रन मारा. ५९ च का? ०.९५ चा ५९ वा घात ०.०५ च्या किंचित खाली जातो. म्हणजे ५९ रनमधला सर्वांत मोठा हायड्रोजन हा ९५ टक्के शक्यतांच्या वर असल्याची खात्री ९५ टक्के मिळते. ही विल्क्सची पद्धत, आणि नियामकांसमोर मांडल्या जाणाऱ्या विश्लेषणांतही ती चालते. अट एकच: नकोशी दिसणारी रन काढून टाकायची नाही. मध्येच अडकलेली असेल तर कोड दुरुस्त करून सगळ्या ५९ पुन्हा.

तारापूर घ्यायचं असेल तर

तारापूरची १९६९ ची पहिली दोन युनिटं उकळत्या पाण्याची, तेव्हा वरचा साचा बराचसा चालेल. तिसरं-चौथं युनिट मात्र जड पाण्याचं, ५४० मेगावॅटचं, आणि तिथे हा कोड जसाच्या तसा वापरणं चूक. त्यात उभं पात्र नाही; इंधनाचे ३९२ आडवे चॅनेल (नळ्या) कॅलेंड्रिया नावाच्या टाकीत, थंड मॉडरेटरमध्ये (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या जड पाण्यात) बुडालेले असतात, आणि कॅलेंड्रियाभोवती पुन्हा साध्या पाण्याने भरलेली कोठी, म्हणजे व्हॉल्ट. चॅनेलमधलं पाणी गेलं तरी उष्णता नळीतून मॉडरेटरकडे जात राहते. चॅनेल तापून वाकतो, कॅलेंड्रियाच्या नळीला टेकतो आणि उलट जास्त उष्णता बाहेर टाकतो. मॉडरेटर आटत गेला की वरच्या ओळीतले चॅनेल आधी उघडे पडतात आणि खालच्यांवर कोसळतात. म्हणून इथे नोड उंचीप्रमाणे न पाडता चॅनेलच्या ओळींप्रमाणे पाडा, 'पाणी' या एका खात्याची तीन खाती करा (चॅनेल, मॉडरेटर, व्हॉल्ट), आणि पायरी २ चा भागाकार तिन्हींसाठी वेगवेगळा करा. सगळी प्रक्रिया तासांऐवजी बऱ्याच लांबणीवर पडलेली दिसेल. मग व्हॉल्टमध्ये बाहेरून पाणी सोडणारी एक ओळ कोडमध्ये घाला आणि किती उशिरापर्यंत ती उपयोगी पडते ते काढा. त्या वेळेच्या ग्राफला अहवालात पूर्ण पान द्या.